एकेचाळीस नंबरचं भांडं

५ जानेवारी, सोमवार

बारके,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. सात वर्षांनी तोंड उघडायचं आणि सुरुवात आशीर्वादाने करायची, एवढी माझी कातडी अजून जाड झालेली नाही.

बातमी तू वाचली असशीलच. नसशील तर माझ्याकडूनच कळू दे. तुझ्या टेकाडावर गेल्या हिवाळ्यापासून पुन्हा खोदकाम सुरू आहे. यावेळी प्रमुख म्हणून एक बाई आहेत. त्या खोलीतसुद्धा डोक्यावरची लाल टोपी काढत नाहीत, म्हणून सगळे त्यांना लाल टोपीच म्हणतात. त्यांनाही ते माहीत आहे. त्यांनी तुझ्या खड्ड्याला लागूनच पुढचा खड्डा घेतला. तीन घरं निघाली. घरांच्या जमिनीखाली, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, पाच भांडी निघाली. प्रत्येकाच्या तोंडावर वाडगा पालथा घातलेला, तू आपल्या भांड्याचं लिहिलं होतंस अगदी तसाच. बाईंनी ती भांडी आजूबाजूच्या मातीच्या ढेकळासकट उचलली आणि कोणी हात लावायच्या आत इस्पितळात नेऊन त्यांचे आतले फोटो काढले.

पाचही भांड्यांत तान्ही बाळं आहेत. चार हजार वर्षांपूर्वीची.

तू म्हणाली होतीस तेच खरं निघालं. आमच्याकडून त्यावेळी चूक झाली, हे आता इथे सगळ्यांना कळलंय. तेव्हा तुझे दिवसही वाईट होते, त्यामुळे सगळंच विचकलं.

वीस मार्चला नव्या दालनात प्रदर्शन उघडतंय. सहा चौथरे केलेत. पाचांवर ही पाच भांडी आणि सहाव्यावर तुला सापडलेलं, एकेचाळीस नंबरचं. त्याची डागडुजी माझ्याकडे दिली आहे. काठाचा एक टवका निघालाय, तो बसवायचाय. तू ये. पुढच्या रांगेत तुझी खुर्ची ठेवायला सांगतो.

जावईबापूंना नमस्कार. तुझी वहिनी आठवण काढते. माझा डावा गुडघा आता मला विचारल्याशिवायच दुखतो. बाकी ठीक.

दादा

२० जानेवारी, मंगळवार

बारके,

उत्तर नाही. येईल असं धरून चालणं हाच माझा आगाऊपणा होता.

मागच्या पत्राचा कच्चा कागद टेबलावर राहिला होता, तो तुझ्या वहिनीने वाचला. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "अहो, 'आमच्याकडून चूक झाली' म्हणजे कोणाकोणाकडून? मी होते का तिथे?"

मी म्हटलं, "संग्रहालयाची म्हणून लिहिलं."

"संग्रहालयाला हात असतात का?"

तेव्हा नीट लिहितो.

एकेचाळीस नंबरचं भांडं मी धुतलं. मदतनीसाने नाही, बदलीवर आलेल्या माणसाने नाही, मी धुतलं. तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं की भांडं टेकाडावरून आलं तेव्हा त्याला चिठ्ठी नव्हती, त्यामुळे आतली माती राखायची आहे हे प्रयोगशाळेला कळायला मार्गच नव्हता. ते खोटं आहे. चिठ्ठी होती. सुतळीने गळ्याला दोन गाठी मारून बांधलेली होती. तुझं अक्षर होतं, लाल शाईत: "आत बाळ असावं. धुऊ नये. दादा, मी येईपर्यंत याला हात लावू नकोस."

त्या आठवड्यात चाळीसच्या वर भांडी आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो काढणारा यायचा होता, मागून पाहुणे यायचे होते, आणि संचालक दर तासाला दारात उभे राहून मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत होते. घाई होती. घाईत झालं. भांडं रिकामं झाल्यावर चिठ्ठी माझ्या मुठीत होती, ती मी कचऱ्याच्या डब्यात टाकली. तू चार दिवसांनी आलीस आणि फडताळावर पालथं घातलेलं, कोरडं, स्वच्छ भांडं बघितलंस. तू ओरडली नाहीस. खाली बसलीस, तिथेच फरशीवर. मी म्हणालो, "अगं, नुसती माती होती. चिठ्ठी कुठे होती?"

बैठकीत तू म्हणालीस की चिठ्ठी तू स्वतः बांधली होतीस. संचालकांनी मला विचारलं. मी त्यांच्याकडे बघून उत्तर दिलं, तुझ्याकडे नाही. माझ्या शब्दावर तुझ्या अहवालातलं बाळाचं पान रद्द झालं आणि "कल्पनेवर आधारित नोंदी" असा शेरा पडला. पुढच्या हंगामाला तुला बोलावलं नाही. पंधरा वर्षं टेकाडं खोदलेली बाई आता शाळेत नकाशे शिकवते. लोकांना मी सांगतो की बहिणीने शांत आयुष्य निवडलं.

येऊ नकोस हवं तर. पण हे वाच.

दादा

९ फेब्रुवारी, सोमवार

बारके,

जावईबापूंचं कार्ड आलं. त्यांनी लिहिलंय, "ती पत्रं वाचते, घडी करून पाकिटात परत ठेवते. एवढंच म्हणाली, संचालकांच्या खोलीतलं अजून लिहिलेलं नाही."

म्हणजे तुला माहीत आहे. मला वाटत होतं, त्या खोलीत आम्ही दोघेच होतो. पण कार्डाच्या कडेला जावईबापूंनी लिहिलंय, तुला काढताना संचालक तुला म्हणाले, "तुमच्या घरच्यांनाही तुमची काळजी वाटते." माणूस मूर्ख नसेल तर तेवढ्यावरून सगळं ओळखतो. आणि तू कधीच मूर्ख नव्हतीस.

हे लिहायला मी तीन दिवस बसलोय. कधी पेन कोरडं पडतं, कधी चष्मा सापडत नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी संचालकांनी मला बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाले, "तुमची बहीण एवढं ठासून सांगतेय. नोंदवहीत तिने फटीतून दिसलेलं हाडाचं टोक काढून दाखवलंय. उद्या हे बाहेर गेलं तर प्रयोगशाळेवर शेकेल. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "मूळ असेल एखादं. झाडाचं."

ते म्हणाले, "एवढी अनुभवी बाई मुळाला हाड म्हणेल?"

आणि मी म्हणालो, "तिचं यंदा सातव्या महिन्यात गेलं, साहेब. सव्वा महिन्यात कामावर परत आली. मी घरचा माणूस म्हणून सांगतो, तिला सध्या सगळीकडे बाळंच दिसतात."

संचालकांनी हळूच "अरेरे" केलं. सुटल्यासारखे दिसले. मीही सुटलो. बाहेर येऊन मी चहा प्यालो, आणि तो चांगला लागला हे मला अजून आठवतंय.

ज्या दिवशी तुझं बाळ गेलं, त्या दिवशी इस्पितळाच्या बाकावर तुझ्याशेजारी वहिनी बसली होती आणि मी दाराशी उभा होतो. तू मला म्हणालीस, "दादा, तू कोणाला सांगू नकोस, मला कामावर कोणाची दया नको." मी "नाही सांगणार" म्हणालो होतो. आणि सांगितलं ते असं, अशा कामासाठी.

वहिनीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला वाटायचं, भांड्यावरून भावाबहिणीचं बिनसलं आणि दोघंही हट्टी. काल मी हे पान तिला वाचून दाखवलं.  ती म्हणाली, "तिला माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडताना पाहिलंत तुम्ही. ते नेऊन वापरलंत?" आणि उठून आतल्या खोलीत गेली. आज सकाळी चहा दिला, पण कप हातात दिला नाही, टेबलावर ठेवला. मी तो तसाच उचलून प्यालो. बोलायला तोंड कुठे आहे?

तू फोन उचलत नाहीस ते बरंच. हे फोनवर मी फिरवून फिरवून सांगितलं असतं.

दादा

२ मार्च, सोमवार

बारके,

गेल्या बुधवारी मी संचालक आणि लाल टोपी दोघांना एकत्र बसवून सांगितलं. चिठ्ठीचं आणि धुण्याचं. त्या खोलीतल्या बोलण्याचंही सांगितलं, पण तुझ्या बाळाविषयी एक शब्द बोललो नाही. "मी तिच्या घरच्या दुःखाचा आधार घेऊन तिला खोटं पाडलं," एवढंच म्हणालो. संचालकांना कळलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

मग म्हणाले, "तुमच्या निवृत्तीला चार महिने राहिलेत. तीन आठवड्यांनी उद्घाटन आहे. कशाला पुरलेली मढी उकरताय?"

लाल टोपी म्हणाल्या, "आपलं काम तेवढंच तर आहे, साहेब."

कोणी हसलं नाही. मला मात्र आत कुठेतरी हसू फुटलं आणि त्याचीही लाज वाटली. बाई फार चांगली आहे. तुला आवडली असती. त्यांच्याकडे तुझ्या नोंदवहीच्या त्या पानाची प्रत आहे. नवे खड्डे कुठे घ्यायचे ते त्यांनी तुझ्या आराखड्यावरून ठरवलं होतं. सात वर्षं "कल्पनेवर आधारित" म्हणून कपाटात पडलेला कागद त्यांनी स्वतः शोधून काढला आणि त्यावर भरवसा ठेवला. त्या तुला ओळखतही नाहीत. मी तुला सायकल शिकवलेला माणूस.

मग सहाव्या चौथऱ्यावरच्या फलकाचं भांडण झालं. संचालकांचा मजकूर होता: "या भांड्यातील अवशेष उपलब्ध नाहीत." मी दुसरा लिहून दिला: "हे भांडं संग्रहालयात आणल्यावर धुतलं गेलं." लाल टोपींनी तो वाचला आणि माझ्यापुढे परत सरकवला. म्हणाल्या, "'धुतलं गेलं' काय? आपोआप धुतलं गेलं का ते?"

मी पुन्हा लिहिलं. आता फलक असा आहे: "या भांड्यात बाळ असल्याची नोंद उत्खनन करणाऱ्या तज्ज्ञ बाईंनी जागेवरच केली होती आणि भांडं धुऊ नये अशी लेखी सूचना बांधली होती. संग्रहालयाच्या जतन विभागप्रमुखाने ती सूचना डावलून भांडं धुतलं आणि सूचना नव्हती असं खोटं सांगितलं. आतले अवशेष नष्ट झाले. नोंद बरोबर होती." वर तुझं पूर्ण नाव आहे. माझंही घाला म्हणालो होतो. संचालक म्हणाले, हुद्दा पुरे. हुद्द्याने सगळ्यांना कळतंच.

मला भांड्यांच्या खोलीतून काढलंय. निवृत्तीपर्यंत जुन्या याद्या तपासायचं काम दिलंय, जिन्याखालच्या टेबलावर. काठाचा टवका बसवायचं काम दुसऱ्याकडे गेलं. मी बसवला असता तर बरा बसला असता, असं मनात आलं. खोड जात नाही. दुपारी चहाला सगळे असतात तिथे मी गेलो तर बोलणं थांबतं. मग कोणीतरी हवामानाविषयी बोलतं. त्यांचा दोष नाही. तीस वर्षं मीच त्यांना सांगत आलो, भांड्याला हात लावण्याआधी चिठ्ठी वाचा.

दादा

(माझ्या पत्रांच्या प्रतींबरोबर इथे तुझं पत्र जोडून ठेवतो, म्हणजे सगळं एका जागी राहील.)

१४ मार्च

दादा,

चारही पत्रं मिळाली. माफीबद्दल मला आत्ता काही लिहायचं नाही. पुढे लिहीन की नाही तेही माहीत नाही.

एक काम आहे. त्या भांड्यात काय होतं ते पाहिलेला जगात एकच माणूस आहे आणि तो तू आहेस. पाच भांड्यांतल्या बाळांची डोकी कुठल्या बाजूला आहेत, हात कसे आहेत, बरोबर काही ठेवलंय का, हे लाल टोपींनी मला कळवलंय. सहाव्याचं कोणालाच माहीत नाही. तेव्हा धुताना तुला काय काय दिसलं ते क्रमाने लिही. आधी काय निघालं, मग काय, माती कशी होती, रंग काय होता. वाटलेलं नको, दिसलेलं लिही. आठवत नसेल तिथे "आठवत नाही" लिही. मला बरं वाटावं म्हणून एक अक्षर घालू नकोस.

ते दोन माणसांसमोर वाचून सही कर. ते नोंदीत जाईल.

वहिनीला सांग, मी तिच्यावर कधीच रागावले नव्हते.

२७ मार्च, शुक्रवार

बारके,

मंगळवारी भांड्यांच्या खोलीत वाचलं. लाल टोपी होत्या, छायाचित्र विभागाचे गृहस्थ होते, आणि कोणी न बोलावता संचालकही येऊन मागे उभे राहिले. सही केलेली प्रत नोंदीत गेली आहे. तुझ्यासाठी तेच इथे लिहितो.

भांडं आडवं धरून मी वाडगा काढला. वरची माती भुसभुशीत होती, पिवळट. ती हाताने झटकली. त्याखाली सुमारे चार बोटं माती चिकट आणि काळपट होती. त्यात पाणी सोडलं. खाली चाळणी लावलेली नव्हती. पहिल्यांदा बारीक काड्यांसारखं काही आलं, सात किंवा आठ, सगळ्या एकाच बाजूला वाकलेल्या. त्या मोरीच्या जाळीवर अडकल्या आणि पुढच्या पाण्याने निघून गेल्या. त्यानंतर बोटाच्या पेराएवढे दोन-तीन जाड तुकडे. मग बराच वेळ नुसता चिखल. सगळ्यात शेवटी, बुडाशी, अंड्याच्या टरफलासारखे पातळ तुकडे निघाले, पाच तरी. म्हणजे डोकं बुडाकडे होतं. हातांची ठेवण सांगता येत नाही. मणी, शिंपला, काहीही बरोबर ठेवलेलं दिसलं नाही. एक निळा मणी होता असं लिहावंसं फार वाटलं. पण नव्हता.

त्यातला पहिलाच तुकडा निघाला तेव्हा तो मी उचलून तळहातावर घेतला. अंगठ्याच्या नखाच्या दुप्पट. मध्यापासून कडांकडे केसासारख्या रेषा गेलेल्या. तान्ह्या बाळाच्या कवटीच्या हाडावर अशाच रेषा असतात. शिकत असताना असे तुकडे मी मोजून वेगळे केलेत. मी ते ओळखलं.

इथे लाल टोपींनी विचारलं, "ओळखल्यावर किती वेळ गेला? नळ पुन्हा सोडेपर्यंत?"

मी म्हणालो, "भरपूर."

"भरपूर म्हणजे?"

"पाणी बंद केलं होतं. हात पुसले. स्टुलावर बसलो. चिठ्ठी पुन्हा वाचली. 'दादा, मी येईपर्यंत याला हात लावू नकोस.' मला राग आला. जिला मी ब्रश धरायला शिकवला ती मला चिठ्ठी लिहून बजावते म्हणून. आणि आता काड्या तर गेल्याच होत्या, बुडाचं तेवढं उरलं होतं. तेवढं ठेवलं असतं तर मी धुतल्याचं कळलं असतं. मग उठलो आणि नळ सोडला."

तुला जानेवारीत लिहिलं की घाईत झालं. घाईत झालं नाही. ते पत्र जपून ठेवणार असशील तर त्यावर तेवढी काट मार.

 लाल टोपींनी एवढंच विचारलं, "सही इथे करता?" आणि पेन दिलं. संचालक कधी गेले ते कळलं नाही. मी घरी आलो आणि वहिनीला सगळं सांगितलं, तुझा निरोपही सांगितला. निरोप ऐकून ती रडली. माझ्याशी ती अजून कामापुरतंच बोलते. पण काल म्हणाली, गुडघ्याला तेल लावा, नुसतं कण्हू नका.

दालनात रोज गर्दी असते. मी एकदाच गेलो, शेवटच्या तासाला. सहाव्या चौथऱ्यापुढे एक आजोबा नातीला फलक वाचून दाखवत होते. नात म्हणाली, "मग बाळ कुठे गेलं?" आजोबांनी फलक परत वरपासून वाचला, काही सापडतंय का म्हणून.

आज लाल टोपी जिन्याखाली माझ्या टेबलाशी आल्या. उभ्यानेच म्हणाल्या, तू येत्या गुरुवारी येते आहेस. सहाव्या भांड्याचं चित्र तूच काढणार, नव्या अहवालासाठी, आणि नंतर त्यांच्याबरोबर टेकाडावर जाऊन बघणार. मग जरा घुटमळल्या. मी म्हटलं, "बोला."

"त्यांनी सांगितलंय, त्या दिवशी तुम्ही रजेवर असलेलं बरं."

रजेचा अर्ज लगेच दिला आहे.

त्यांची परवानगी घेऊन संध्याकाळी दहा मिनिटं भांड्यांच्या खोलीत गेलो. कुठल्याच भांड्याला हात लावला नाही; तुझं भांडं गुरुवारी दालनातून इथे आणतील. खिडकीजवळचं उंच टेबल रिकामं करून पुसलं, त्यावर वाळूची चुंबळ ठेवली, म्हणजे भांडं ठेवल्यावर डगमगणार नाही. भांड्याचा बाक मोजायचा कंगवा, परकार, दोन नंबरच्या पेन्सिली टोक करून ठेवल्या. दिवा उजवीकडे बसवला. तिथले सगळे उजव्या हाताचे, तू एकटी डावखुरी, त्यामुळे तो कायम डावीकडेच असायचा आणि तुझ्याच हाताची सावली तुझ्या चित्रावर पडायची. पंधरा वर्षांत तू एकदाही तक्रार केली नाहीस, आणि मी कधी हलवला नाही.

किल्ली दारावरच्या पहारेकऱ्याकडे असेल. तू येशील तेव्हा मी घरी असेन.

दादा